तळ्याला खत कुणी घातलं?

हातकरवाडीच्या तळ्याला गेल्या वर्षभरात कुणीतरी एकशेसाठ पोती युरिया घातला, अशी बातमी सोमवारी सकाळी गावात आली. दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक माणसाने तो आपण घातलेला नाही, असं स्वतःहून सांगून टाकलं. कुणी विचारलंही नव्हतं.

उसाला खत घालतात, वांग्याला घालतात. पण तळ्याला? तळ्यात काय पिकतं?

बातमी आणली होती माती-पाणी तपासायला तालुक्याहून आलेल्या यंत्रमानवाने. यंत्रमानव म्हणायचं ते आपलं म्हणायचं. त्याला चार पाय होते, उंची वासराएवढी होती आणि नाकाच्या जागी मातीत खुपसायची लांब सुई होती. कागदोपत्री त्याचं नाव 'मृदामित्र क्रमांक सात'. त्याला मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा कृषी खात्याने आपल्याकडे होती ती मराठी शिकवली, म्हणजे साठ वर्षांची परिपत्रकं. त्यामुळे तो जवळजवळ प्रत्येक वाक्य 'सदर' या शब्दाने सुरू करी. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सदर ठेवलं आणि त्यानेही ते 'विनातक्रार' स्वीकारलं.

"सदर तळ्यास गतवर्षी अंदाजे एकशेसाठ पोती युरियाइतके नत्र प्राप्त झाल्याचे निदर्शनास आले आहे," तो चौकात उभा राहून म्हणाला होता. (नत्र म्हणजे नायट्रोजन. झाडांना पानं, खोड, सगळंच वाढवायला लागणारं हे मूलद्रव्य. युरिया हे नत्र पुरवणारं पांढऱ्या दाण्यांचं खत.)

तळं तसं बघायला फार सुंदर होतं. हिरवंगार. इतकं हिरवं, की म्हशी काळ्या आत जायच्या आणि पोपटी होऊन बाहेर यायच्या. चैत्रात त्यातले सगळे मासे एका सकाळी पोट वर करून तरंगले आणि तेव्हापासून वारा गावाकडे वळला की लोक खिडक्या लावून घेत. सरपंच श्रावणीताईंनी यावर उपाय काढला होता. तळं मुरूम टाकून बुजवायचं आणि तिथे माल आणणाऱ्या ड्रोनसाठी तळ करायचा. "घाबरायचं काही कारण नाही," त्या सगळ्यांना समजावत. "तळं जाऊन तळ येणार. फक्त अनुस्वार जातोय, बाकी सगळं तेच आहे."

गुरुवारी ग्रामसभा होती. अनुस्वाराचा निकाल तिथे लागणार होता.

केतकी इंगवले सहावीत होती. तिच्या शाळेत पोहणे हा विषय होता, पण पुढे कंसात 'कोरडे' असं लिहिलेलं असे. डोळ्यांना चष्मा लावायचा, बाकावर पालथं पडायचं आणि चष्म्यात दिसणाऱ्या निळ्या पाण्यात हातपाय मारायचे. केतकीला त्यात पहिला वर्ग होता. आजवर तिचे घोट्याच्या वर पाय भिजले नव्हते. तळं बुजलं तर पुढेही भिजणार नाहीत, हे तिला कळत होतं. तळ्याला खत घालणारा सापडला, तर खत थांबेल, पाणी निवळेल आणि बुजवायचं कारणच उरणार नाही, असा तिने हिशेब मांडला. हातात तीन दिवस होते.

ती धावत आजोबांकडे गेली. तिचे आजोबा डॉ. रंगराव इंगवले हे मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ). वय ब्याऐंशी. ते परसात पेरूच्या झाडाखाली बसून पेरू खात नव्हते, नुसता हातात धरून बसले होते.

"आजोबा, मी गुन्हेगार शोधणार आहे. गुरुवारी त्याला सभेत उभा करणार."

"उभा करू नकोस," आजोबा म्हणाले. "खुर्ची दे. त्याचे गुडघे दुखतात."

"म्हणजे तुम्हाला माहितेय तो कोण आहे?"

"आधी तू शोध. मी सांगितलं तर तुला वाटेल, म्हातारा स्वतःचं कौतुक करतोय."

हे उत्तर केतकीला अजिबात कळलं नाही. पण आजोबांचं बोलणं निम्मं आज आणि निम्मं पुढच्या आठवड्यात कळायचं, म्हणून ती सदरला घेऊन तपासाला निघाली. आजोबाही काठी घेऊन मागून आले.

तळ्याच्या काठी पोत्याचा तुकडा नव्हता, चाकांच्या खुणा नव्हत्या. सदरने चिखलात सुई खुपसली. "सदर ठिकाणी नत्र आहे." चार पावलं चढावर गेला. "सदर ठिकाणीही आहे." आणखी दहा पावलं. "सदर ठिकाणी अधिक आहे." असं करत करत तो तळ्यापासून लांब, चढाने वर वर जात राहिला आणि थांबला तो भूपाळअण्णा चौगुल्यांच्या उसात.

"भूपाळअण्णा!" केतकी ओरडली.

"थांब," आजोबा म्हणाले. "याला शेजारच्या रानात ने."

शेजारचं रान श्रावणीताईंचं होतं. तिथेही तेच. त्याच्या पलीकडचं शाळेच्या हेडमास्तरांचं. तिथेही तेच. त्याच्या पलीकडचं रान इंगवल्यांचं होतं, म्हणजे केतकीचं स्वतःचं. तिथे सदरने सुई खुपसली आणि सभ्यपणे काहीच बोलला नाही.

केतकी बांधावर बसली. "पण हे खत तर उसाला घातलेलं आहे. तळ्याला नाही."

"समज," आजोबा तिच्याशेजारी सावकाश टेकत म्हणाले, "सोमवारी सकाळी आईने शनिवारपर्यंतचे सगळे डबे तुझ्यापुढे मांडले आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता संपव. किती खाशील?"

"दोन पोळ्या. भेंडी असेल तर एक."

"बाकीचं?"

"कुत्रा खाईल. मुंग्या येतील. उरेल ते नासेल."

"ऊस रानात वर्षभर उभा असतो. रोज थोडं थोडं खातो. आणि आपण त्याला वर्षाचं जेवण दोन-तीन वेळांत ओतून मोकळे होतो. त्यातलं निम्मंसुद्धा त्याच्या पोटात जात नाही. उरलेलं जातं कुठे, ते बघ." त्यांनी काठीने मातीत एक ठिपका काढला. "हा युरियाचा दाणा. ओल लागली की तासाभरात विरघळतो. मग मातीतली विकरं (जीवांच्या शरीरात तयार होणारे आणि रासायनिक बदल घडवणारे पदार्थ) त्याचा अमोनिया करतात. काही हवेत उडून जातो. खत टाकलं की नाकाला झोंबतं ना, तोच. राहिलेल्याचं अमोनियम होतं. ते मातीला धरून बसतं. इथपर्यंत ठीक."

"मग?"

"मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. झाडालाही ते आवडतं. पण त्याची एक खोड आहे. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच असतो. आता दोन सारखे भार जवळ आणले तर?"

"एकमेकांना ढकलतात."

"म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी येतं आणि त्याचा हात धरून खाली घेऊन जातं. याला निचऱ्यातून होणारी गळती म्हणायचं. खाली, आणखी खाली, भूजलात (जमिनीखालच्या पाण्यात). तिथून विहिरीत. आणि तळ्याच्या तळाशी जे झरे आहेत, त्यांतून तळ्यात."

"सदर मार्गे काही नत्र वायुरूपातही जाते," सदरने माहिती पुरवली. "सदर नायट्रस ऑक्साइड वायू हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता धरून ठेवतो."

"ऐकलंस? जे खाली गेलं त्याने पाणी बिघडवलं, जे वर गेलं त्याने हवा तापवली. आणि ज्याच्यासाठी आणलं तो ऊस उपाशी. म्हणून माणसं म्हणतात, ऊस पिवळा दिसतोय, आणखी एक पोतं टाका."

"पण तळ्यातल्या माशांना खताने काय केलं? विष असतं का ते?"

"छे. उलट मेजवानी असते, पण शेवाळाला. नत्र आणि स्फुरद (म्हणजे फॉस्फरस, दुसरं एक खतातलं मूलद्रव्य) एकत्र मिळाले की शेवाळ वेड्यासारखं वाढतं. पाण्यावर हिरवी गोधडी पसरते. खाली ऊन पोहोचत नाही. मग ते शेवाळ मरतं, कुजतं. कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवून टाकतात. मासे श्वास घेणार कशाचा?"

"सदर मत्स्यांचा मृत्यू पाण्यात बुडून झाला, असा तालुक्याचा प्राथमिक अहवाल होता," सदर म्हणाला. "सदर अहवाल मागे घेण्यात येत आहे."

केतकी हसली नाही. ती वर चढाकडे बघत होती. डोळे पोहोचतील तिथवर ऊसच ऊस होता.

"म्हणजे गुन्हेगार एक नाहीच. सगळं गाव आहे. आपणपण." तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्या गावाला सभेत कसं उभं करू?"

"गावाला राहू दे," आजोबा म्हणाले. "घरी चल. एकाची ओळख करून देतो."

घरी त्यांनी कपाटाच्या तळच्या खणातून एक बाटली काढली. आत साबुदाण्याएवढे तपकिरी दाणे होते.

"हाही युरियाच. फक्त याला अंगरखा घातलाय. हा मी केला, एकेचाळीस वर्षांपूर्वी."

त्यांनी दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेतलं. एकात पांढऱ्या युरियाचे चार दाणे टाकले. केतकीने पेला जरा हलवला, तर ते बघता बघता नाहीसे झाले. दुसऱ्यात चार तपकिरी दाणे टाकले. ते तळाशी जाऊन बसले आणि बसूनच राहिले.

"विरघळत नाहीत!"

"विरघळतात, पण घाई करत नाहीत. उसाच्या चिपाडात लिग्निन असतं (वनस्पतींना ताठ उभं ठेवणारा पदार्थ). ते निंबोळीच्या तेलाबरोबर शिजवून मी त्याचा लेप केला. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. त्यांतून ओलावा आत शिरतो, आतला युरिया विरघळतो आणि त्याच छिद्रांतून थोडा थोडा पाझरून बाहेर येतो. साडेचार-पाच महिने हे चालतं. शिवाय थंडीत पाझर मंदावतो आणि उबेत वाढतो. आणि पिकाची भूक कधी वाढते?"

"उबेत!"

"म्हणजे मुळं मागतील तसं वाढणारा वाढपी. खत कमी लागतं, पीक तेवढंच येतं आणि खाली गळायला फारसं उरत नाही. माझ्या आधी लोकांनी प्लास्टिकचे लेप केले होते. खत पाझरून जायचं आणि प्लास्टिकच्या बारीक टरफलांनी रान भरायचं. एक घाण काढून दुसरी पेरायची. माझा लेप मातीत कुजून जायचा. चांगलं काम होतं ते. मी करूनही."

"मग हे आपल्या शेतात का नाही? कुणाच्याच शेतात का नाही?"

आजोबांनी बाटली टेबलावर ठेवली, मग थोडी सरळ केली, मग पुन्हा होती तशी ठेवली.

"नावामुळे."

"कुठलं नाव?"

"याचं शास्त्रीय नाव मी ठेवलं. मंदविमोचक. मंद म्हणजे हळू, विमोचक म्हणजे सोडणारं. शब्द अगदी शुद्ध. चार कोश उघडून केलेला. पोत्यावर मोठ्या अक्षरांत छापून घेतला. इतका लांब शब्द कोण बोलणार? गावाने पहिली दोन अक्षरं उचलली."

केतकीने मनात ती दोन अक्षरं वाचली आणि तोंडावर हात ठेवला. "मंद खत?"

"मंद खत. पहिलं पोतं मी मोठ्या प्रेमाने भूपाळच्या दारात नेलं. आम्ही एका वर्गातले. मी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. मास्तर त्याला रोज मंद म्हणायचे, सात वर्षं. त्याने पोत्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, 'रंग्या, शाळा सुटली तवा वाटलं ह्यो शबुद पण सुटला. आता छापून घेऊन आलास व्हय?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी त्याला शब्दकोश दाखवला."

परसात पेरूच्या झाडावर कावळा ओरडत होता. आजोबा त्याचं ओरडणं संपेपर्यंत थांबले.

"कुणी म्हणालं, मंद खत घातलं तर ऊस मंद होईल. दोघाचौघांनी नेलं, पण तीन आठवड्यांनी माती उकरून बघितली तर दाणे तसेच! म्हणाले, बघा, बनावट आहे, विरघळतसुद्धा नाही. वर साधा युरिया टाकून मोकळे झाले. एकाने तर पोतं पिठाच्या गिरणीत नेलं आणि दळून आणलं. मंद खत जरा हुशार करायला. लेपाचा झाला भुगा, सगळं खत आठवड्यात वाहून गेलं. खात्यातले लोक म्हणाले, डॉक्टर, नाव बदला. मी म्हणालो, गावाने मराठी सुधारावी. तसं मी वर्तमानपत्रातही लिहिलं. फार छान लिहिलं होतं. दोन हंगामांत योजना बंद पडली." त्यांनी बाटलीकडे बोट केलं. "एवढे उरले. मातीतला प्रत्येक भार मला ठाऊक होता, केतकी. मातीवर राहणारा माणूस तेवढा राहून गेला."

आता केतकीला ते निम्मं कळलं. खुर्ची कुणाला द्यायची तेही.

गुरुवारी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. श्रावणीताईंनी ड्रोनतळाचं चित्र दाखवलं. चित्रात आकाश निळं होतं आणि ड्रोनमधून उतरलेली माणसं हसत होती. ड्रोन फक्त माल आणणार होते, पण चित्रकाराला राहवलं नसावं. मग सदरने अहवाल वाचला आणि हॉलमध्ये एकच गलका झाला.

"कुणी घातलं ते नाव सांगा!"

"सदर नावे एकूण दोनशे चौदा आहेत," सदर म्हणाला. "सदर यादी वाचू काय?"

गलका एकदम थांबला. यादी कुणालाच ऐकायची नव्हती.

तेवढ्यात केतकी उभी राहिली. तिने डब्यांचं सांगितलं, ऋण भाराचं सांगितलं, माशांचं सांगितलं. दोन पेले आणले होते, तेही दाखवले. लोक ऐकत होते, पण अंग चोरून. मागून कुणीतरी म्हणालंच, "आता पोरीपण शिकवाय लागल्या. खत नको तर काय उसाला चहा पाजू?"

मग आजोबा उठले. केतकीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे आणून ठेवली. ते बसले आणि जे तिला घरी सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं, काही न वगळता. वर्तमानपत्रातल्या लेखाचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "औषध हातात होतं आणि मी नावासाठी अडून बसलो. तळ्याचा पहिला गुन्हेगार मी आहे. बाकीची दोनशे तेरा नावं माझ्यामागून येतात."

मागच्या रांगेतून भूपाळअण्णा चौगुले उठले. हातातली टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

"येक सांग रंग्या. ह्यो तुझा दाणा रोज थोडं थोडं सोडतोय, म्हंजी नेमकं कसं? येकदम न्हाई, बंद बी न्हाई. रोजचं रोज, ठरल्यावानी?"

"हो. तसंच."

"म्हंजी रतीब की रे!"

हॉलमध्ये हसू फुटलं, पण ते वेगळं हसू होतं. दुधाचा रतीब कुणाला माहीत नाही? वर्षाचं दूध एका सकाळी कोण ओतून घेतं? रोज सकाळी शेर-दोन शेर, घरात माणसं किती त्या मापाने.

"उसाला रतीब लावायचा," पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. "मग असं मराठीत बोला की!"

आजोबा मात्र हसले नाहीत. ते भूपाळअण्णांकडे बघत राहिले.

"रतीब," ते पुटपुटले. "भूपाळ, अरे, हा शब्द तू तेव्हा का नाही सांगितलास?"

"तू इचारलंस कवा? तू तर सांगायलाच आलतास."

अण्णा रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते साधंच बोलले, पाऊस पडला का विचारावं तसं. आजोबांनी मान खाली घातली. एकेचाळीस वर्षं दोघांच्या घरांमधल्या बोळात पडून होती, आणि बोळ होता पंधरा पावलांचा.

श्रावणीताई कामाच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. तालुक्याच्या कारखान्यात चिपाड पडूनच असतं, यंदापासून हे रतीब खत करायला लावू. खत टाकण्याआधी माती तपासू, तळ्याभोवती गवताचा पट्टा ठेवू. मग पुढच्या दिवाळीपर्यंत तळं स्वच्छ होईल ना?"

सगळे सदरकडे बघू लागले.

"सदर तळे स्वच्छ होण्यास अंदाजे बावीस वर्षे लागतील."

"किती?"

"सदर तळ्यातील काही नत्र यंदाचे, परंतु बरेचसे जुने आहे. जमिनीत पाणी सावकाश उतरते. सदर झऱ्यांतून आज बाहेर पडणारे नत्र कुमारी केतकी यांच्या जन्माच्या अकरा वर्षे अगोदर शेतात टाकण्यात आले असावे. मधल्या वर्षांचे नत्र अद्याप मार्गस्थ आहे. ते थांबविण्याची तरतूद नाही."

केतकी बाकावर बसली. तिला वाटलं होतं, कारण सापडलं की काम संपतं. खत आज बंद केलं तरी कालचं, परवाचं, वीस वर्षांपूर्वीचं खत जमिनीच्या पोटात चालतच होतं, आणि त्याला कुणी परत बोलावू शकत नव्हतं.

हॉलमधली माणसं बोटांवर काहीतरी मोजत होती. प्रत्येक जण आपापल्या वयात बावीस मिळवत होता. काहींची बेरीज लवकर झाली आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

"मतदान घेऊ," श्रावणीताई जरा वेळाने म्हणाल्या. "तळं ठेवायचं त्यांनी हात वर करा. आणि हो, ठेवायचं म्हणजे बावीस वर्षं वास सहन करायचा, हे समजून."

पहिल्यांदा एकच हात वर गेला, भूपाळअण्णांचा. अण्णा ब्याऐंशीचे. त्यांच्या सुनेने त्यांची बाही ओढली, "मामा, तुम्हाला बघायला मिळणार आहे का ते?"

"म्हणून तर लगीच हात वर केला," अण्णा म्हणाले. "नंतर कोण इचारतंय!"

मग आणखी एक हात वर गेला. मग त्या म्हातारीचा. मग एकेक करत इतके, की श्रावणीताईंना दोनदा मोजावे लागले. अकरा मतांनी तळं राहिलं. ड्रोन शाळेच्या गच्चीवर उतरतील असं ठरलं. चित्रातल्या हसणाऱ्या माणसांचं काय करायचं ते ठरलं नाही.

"दर वर्षी झऱ्याचं पाणी मोजायला माणूस पाहिजे," श्रावणीताई म्हणाल्या. "सलग बावीस वर्षं."

केतकीने हात वर केला. तिला मताचा हक्क नव्हता, पण मोजायला वयाची अट नाही, असं सदरने परिपत्रकातून शोधून काढलं.

त्या हंगामात पोत्यांवर दोनच शब्द छापले: 'रतीब खत'. गिरणीवाल्याने सावधगिरी म्हणून दारावर पाटी लावली, 'येथे खत दळून मिळणार नाही'. दोनशे चौदांपैकी एकशे चाळीस घरांनी रतीब लावला. बाकीचे बांधावरून बघत राहिले. खत तिसऱ्या हिश्श्याने कमी लागलं आणि ऊस पहिल्यासारखाच उभा राहिला, तेव्हा बघणारे जरा जवळ येऊन बघू लागले.

वर्षाने एका सकाळी केतकी, आजोबा आणि सदर तळ्यावर गेले. तळं अजून हिरवंच होतं. वास होता तसाच होता. केतकीने काठालगतच्या झऱ्याच्या तोंडाशी बाटली भरली, सदरने सुई बुडवली. गेल्या वर्षी लिटरमागे अठ्ठावन्न मिलिग्रॅम नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात ते पंचेचाळीसच्या वर असू नये. लहान बाळांना तर त्याने फार त्रास होतो, रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेईनासं होतं.

"सदर नमुन्यात एकसष्ट," सदर म्हणाला. "सदर उपाययोजना अयशस्वी, अशी नोंद करू काय?"

"वाढलं?" केतकीने आकडा पुन्हा वाचला. "एवढं सगळं करून वाढलं?"

आजोबा काठाच्या दगडावर बसले. त्यांनी त्या हिरव्या पाण्याकडे बघितलं. याच पाण्यात तळाची वाळू दिसायची, इतकंच ते म्हणाले. मग त्यांनी केतकीला जवळ बोलावलं.

"हे वाढलेले तीन यंदाचे नाहीत. बावीस वर्षांपूर्वी गावाने युरिया वाढवायला सुरुवात केली, त्या हंगामाचे आहेत. ते आत्ता पोहोचताहेत. आणखी काही वर्षं असेच येत राहतील. तू यंदा जे केलंस, तेही वरून निघालंय, पण चालत येतंय. पोहोचेल तेव्हा तू तेहतीस वर्षांची असशील."

"आणि तुम्ही?"

"मी अनुपस्थित. पूर्वसूचना दिलेली आहे, असं सदरला लिहायला सांग."

"सदर बाब नोंदविण्यास मन होत नाही," सदर म्हणाला. परिपत्रकांत असं वाक्य कुठेच नव्हतं. ते त्याला कुठून सापडलं, कोण जाणे.

केतकीने तक्ता उघडला. बावीस ओळी आखलेल्या होत्या. पहिल्या ओळीत तिने एकसष्ट लिहिलं, अगदी नीट, खाडाखोड न करता. पुढे मोजणाऱ्याच्या सहीची जागा होती. ती सही करणार, तोच आजोबांनी हात पुढे केला.

"यंदाची सही मी करतो. वाढलेल्या आकड्यावर जुन्याच माणसाची सही पाहिजे. पुढेही वाढेल तोवर, आणि माझा हात चालेल तोवर, मीच करीन."

"आणि कमी व्हायला लागेल तेव्हा?"

"तेव्हा तू कर," आजोबा म्हणाले आणि तिच्या हातातून पेन घेतलं.